पारदर्शक लेपाच्या शोधात

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती काम पूर्ण झाल्यावर कुणाला दिसत नाही. दिसली, तर काम बिघडलं असं समजायचं. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांपासून विमानं, जहाजं, रणगाडे, मोटारी यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करण्याचा छंद जगभर आहे. आपल्याकडे मुंबई-पुण्यातही मूठभर मंडळी तो मनापासून जोपासतात. या प्रतिकृतीला रंग दिला की त्यावर एक चकचकीत, पारदर्शक लेप द्यावा लागतो. छंदिष्टांच्या भाषेत 'ग्लॉस क्लिअर कोट'. खास या कामासाठी तयार केलेल्या लेपाच्या छोट्या बाटल्या परदेशातून येतात, महाग पडतात आणि हव्या तेव्हा हमखास मिळतील असंही नसतं. मग नवशिके विचारतात, नेलपॉलिश चालेल का? फर्निचरचं पॉलिश? फेव्हिकॉल पातळ करून लावला तर?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पण उत्तराआधी हा लेप लागतोच कशाला, ते पाहू.

विमानाच्या पंखांवरची वर्तुळं, शेपटीवरचे तिरंगी पट्टे, नाकाजवळचा क्रमांक ही चिन्हं किटमध्ये एका कागदावर छापून येतात. त्यांना डेकल म्हणतात. लहानपणी बबलगमच्या वेष्टनातून हातावर उमटवायची चित्रं मिळत, त्यांचीच ही थोरली बहीण. कागद अर्धा मिनिट पाण्यात भिजवायचा, वरचा तलम पापुद्रा अलगद सरकवून विमानावर बसवायचा. आता लढाऊ विमानाचा रंग बहुधा मंद, म्हणजे मॅट असतो. मॅट रंग मंद दिसतो, कारण त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो. डोळ्यांना दिसत नाहीत अशा टेकड्या आणि दऱ्या तिथे असतात आणि प्रकाश त्यांच्यावरून चहूकडे विखुरतो. अशा पृष्ठभागावर डेकल लावलं की ते टेकड्यांच्या माथ्यांवर टेकतं आणि खाली दऱ्यांमध्ये हवा अडकून राहते. त्या हवेवरून प्रकाश परततो आणि डेकलच्या कडांना, मोकळ्या जागांना चंदेरी झाक येते. चिन्ह रंगवलेलं न वाटता चिकटवलेलं वाटतं. तीन महिन्यांच्या मेहनतीवर एवढ्यानं पाणी पडतं.

चकचकीत लेप या दऱ्या बुजवतो. डेकल सपाट बसतं, हवेला जागा उरत नाही. त्यानंतर पत्र्यांच्या जोडांच्या बारीक रेषांमध्ये तेलरंगाचं काळपट पाणी सोडून पुसून घेतात. त्या वेळी थिनरपासून खालच्या रंगाचं रक्षण हाच लेप करतो. शेवटी गरजेप्रमाणे वरून मॅट लेप दिला जातो आणि आपला चकचकीत थर कायमचा गाडला जातो.

म्हणजे या थराकडून अपेक्षा बऱ्याच आहेत. तो गुळगुळीत हवा, रंगहीन हवा आणि दहा वर्षांनीही रंगहीनच राहायला हवा. खालच्या रंगाला त्यानं विरघळवता कामा नये आणि वरून येणाऱ्या द्रावणात स्वतःही विरघळता कामा नये. शिवाय तो पातळ हवा. या शेवटच्या गोष्टीकडे लोकांचं फार दुर्लक्ष होतं, म्हणून थोडा हिशेब सांगतो. मिग-२१ या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर. १:७२ या प्रमाणात तो दहा सेंटिमीटरच्या किंचित आतच येतो. या तळहाताएवढ्या विमानावर तुम्ही मिलिमीटरचा तीन-शतांश भाग जाडीचा, म्हणजे ३० मायक्रॉनचा लेप दिलात, तर खऱ्या विमानाच्या हिशेबात तो दोन मिलिमीटरहून जाड झाला. ब्रशनं चोपडलेलं दारा-खिडक्यांचं व्हार्निश ७० मायक्रॉनचं धरा. खऱ्या विमानावर त्याची जाडी पाच मिलिमीटर होईल! पत्र्यांचे जोड, खिळ्यांची डोकी सगळं त्याखाली बुडणार. विमानाला पाकात घोळवल्यासारखं दिसतं ते यामुळेच.

गंमत अशी, की या सगळ्या अटींत चपखल बसणारा पदार्थ छंदाच्या दुकानात नव्हे, तर अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या किराणा दुकानांत, फरशी पुसण्याच्या सामानाशेजारी मिळायचा. विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावी एस. सी. जॉन्सन ही कंपनी आहे. १८८६ साली तिची सुरुवातच लाकडी फरशीच्या धंद्यातून झाली. पुढे ती फरशीचं मेण आणि पॉलिश विकू लागली. तिचं एक पॉलिश अमेरिकेत 'फ्यूचर' आणि ब्रिटनमध्ये 'क्लिअर' या नावानं घरोघरी पोहोचलं. ते पाण्यासारखं पातळ होतं, फडक्यानं पसरलं की आपोआप सपाट व्हायचं आणि वाळल्यावर काचेसारखं दिसायचं. कुणा पहिल्या छंदिष्टानं ते विमानाला लावून पाहिलं याची नोंद नाही, पण पुढची कैक वर्षं जगभरातल्या प्रतिकृतीकारांच्या टेबलावर ही बाटली असे. विमानाच्या वैमानिककक्षावरचं पारदर्शक झाकण त्यात नुसतं बुडवून काढलं, तरी त्यावरचे बारीक ओरखडे दिसेनासे होत.

हे पॉलिश इतकं गुणी का होतं? त्यात ॲक्रिलिक बहुवारिकाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की कण एकमेकांना बिलगतात आणि त्यांचा एकसंध पापुद्रा होतो. चित्रकारांचं ॲक्रिलिक व्हार्निशही याच तत्त्वावर चालतं. फरक कठीणपणात. चित्रावर कुणी चालत नाही, फरशीवर बूट घालून चालतात. म्हणून फरशीच्या पॉलिशमधलं ॲक्रिलिक मुळातच कडक निवडलेलं असतं आणि अशा पॉलिशमध्ये बहुधा जस्ताचे क्षार घालून त्याचे रेणू एकमेकांशी बांधलेले असतात. हे बंध अमोनियानं सुटतात. त्यामुळे लेप बिघडला तर अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रवानं तो काढून टाकता येई आणि खालचं प्लॅस्टिक शाबूत राही. कठीण, पातळ, बिनवासाचं, वर चुकलं तर माफ करणारं! छंदिष्टाला आणखी काय हवं?

पण कंपनीनं ते काही आपल्यासाठी काढलं नव्हतं. अमेरिकेत त्याची नावं पुन्हा पुन्हा बदलली, 'प्लेज' या नावाखाली ते गेलं आणि हळूहळू बाजारातून दिसेनासं झालं. ब्रिटनमध्ये २०१० च्या आसपास 'क्लिअर' या नावानं दुधाळ दिसणारं, बदललेल्या घटकांचं पॉलिश आलं. जुन्या बाटल्यांची लोकांनी साठेबाजी केली, जादा भावानं खरेदी-विक्री झाली. आपल्याकडे शहाबादी, मग मोझेक आणि आता व्हिट्रिफाइड अशा फरशांना या पॉलिशचा उपयोगच नव्हता. त्यामुळे इथल्या वाण्याकडे ती बाटली कधी माझ्या पाहण्यात आली नाही. आपल्याकडच्या छंदिष्टांना पर्याय शोधण्याची सवय आधीपासूनच होती.

आता पर्यायांकडे वळू. सुरुवातीलाच ज्यांची नावं घेतली त्यांना आधी निरोप देतो. नेलपॉलिशमध्ये इथाइल आणि ब्युटाइल ॲसिटेट ही द्रावणं असतात. ती रंग आणि खालचं पॉलिस्टायरिन दोन्ही खातात. मोटारीच्या दिव्याची काच दाखवायला टाचणीच्या टोकानं एखादा थेंब, एवढाच त्याचा मान. फेव्हिकॉल वाळल्यावर पारदर्शक होतो खरा, पण डेकलच्या पाण्यानं पुन्हा मऊ पडतो. वैमानिककक्षाची काच चिकटवायला मात्र तो नामी आहे, कारण त्याच्या वाफेनं काच धुरकटत नाही.

फर्निचरवाल्यांकडे दोन-तीन प्रकार सापडतात. पहिलं आपलं जुनं लाखेचं पॉलिश. लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं लावायचा. लाकडी गलबताच्या प्रतिकृतीवर त्याच्यासारखी कळा दुसऱ्या कशालाच येत नाही, असं माझं मत आहे. पण त्याला मधासारखा रंग असतो आणि पाण्यानं त्यावर पांढरे डाग पडतात. डेकलचं कामच पाण्याचं, तेव्हा ते विमानाला कामाचं नाही. तेलाचं व्हार्निश कालांतरानं पिवळं पडतं. पांढऱ्या प्रवासी विमानावर ते लावणं म्हणजे त्याला कावीळ करून घेणं. उरतं एनसी लॅकर, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं. ते झटपट वाळतं आणि पातळ बसतं. पण त्याचा थिनर जहाल असतो. एअरब्रशनं धुक्यासारखे हलके थर दिले तर निभावतं. ओला जाड थर दिला तर पॉलिस्टायरिनवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात.

पॉलिशचं काम करणाऱ्या कारागिरांकडून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. भर पावसाळ्यात अनुभवी पॉलिशवाला लॅकर मारायला नाखूष असतो. द्रावण झपाट्यानं उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि लेप दुधाळ होतो. 'पॉलिश पांढरं पडलं' म्हणतात ते हेच. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये लॅकर मारायचंच असेल, तर सावकाश उडणारा रिटार्डर थिनर वापरावा. नाहीतर सरळ उघडीप होईपर्यंत थांबावं.

चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात जे मिळतं ते सर्वांत सुरक्षित. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी सुरू केलेली कॅमलिन काय किंवा फेव्हिक्रिल रंगांची पिडिलाइट काय, अशा कंपन्यांच्या रंगांबरोबर पाण्याचं ॲक्रिलिक ग्लॉस व्हार्निश किंवा मीडियमही मिळू शकतं. मुलांच्या घरात वापरायला निर्धोक, खिशाला परवडणारं. अडचणी दोन. एक म्हणजे ते दाट असतं, आणि नुसतं पाणी घालून पातळ केलं की प्लॅस्टिकवर अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे थेंब होतात. पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलं की ते नीट पसरतं. करोनाच्या साथीपासून हे अल्कोहोल सर्वांच्या ओळखीचं झालंच आहे. मिश्रण आधी थोडंसंच करून पाहावं, कारण काही व्हार्निशं अल्कोहोलनं दह्यासारखी फुटतात. दुसरी अडचण मऊपणाची. मघाशी म्हटलं तसं, हे व्हार्निश चालण्यासाठी नसतं. मे महिन्याच्या उन्हाळ्यात त्याचा पापुद्रा बोटाला किंचित चिकटतो आणि ठसा राहतो. म्हणून ते आतल्या थरासाठी वापरावं, वरून कडक मॅट लेप द्यावा आणि विमान हाताळताना पोटाखालून धरावं.

छंदासाठीच बनवलेल्या लेपांत जपानच्या तामिया कंपनीचं एक्स-२२ मला सर्वांत भरवशाचं वाटतं. दहा मिलिलिटरची बाटली असते. त्याच कंपनीच्या लॅकर थिनरमध्ये पातळ केलं की ते काचेसारखं सपाट बसतं. दोन-तीन हलके थर दिले की काम होतं, त्यामुळे एक बाटली बरीच पुरते. कधी कधी स्वस्त पर्यायांवर केलेल्या खर्चाची बेरीज या एका बाटलीपेक्षा जास्त होते, हेही सांगायला हवं.

आणि आता मोटारींच्या गॅरेजमधला पर्याय. डेंटिंग-पेंटिंगवाले गाडीवर जो शेवटचा चकचकीत थर मारतात तो आरशासारखा असतो, हे खरं. मोटारींच्या प्रतिकृती करणारे त्याच्या मोहात पडतात. पण त्यातल्या 'टू-के' प्रकारात हार्डनर मिसळतात, आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. ती फवाऱ्यातून श्वासात गेली तर दमा होऊ शकतो. एकदा शरीराला त्यांचं वावडं झालं, की पुढे अगदी थोड्या संपर्कानंही जोराचा झटका येऊ शकतो. स्प्रे पेंटिंग करणाऱ्या कामगारांना होणारा हा जगभरात नोंदलेला आजार आहे. साधा धुळीचा मास्क इथे काही कामाचा नाही. कारखान्यात अशा कामासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा वापरतात. तेव्हा दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून, शेजारी मूल अभ्यास करत असताना हे फवारायचं नाही. चकाकी कितीही सुंदर येवो. इतर लॅकरनाही खेळती हवा आणि रासायनिक वाफा शोषणारा मुखवटा हवाच, पण 'टू-के'ची गोष्ट वेगळी आहे.

कुठलाही पर्याय थेट विमानावर लावायचा नाही, आधी चाचणी घ्यायची. पूर्वी आम्ही यासाठी प्लॅस्टिकचे फेकाऊ चमचे वापरायचो. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर आधी महाराष्ट्रात आणि मग १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली, चमचे गेले. बरंच झालं. त्यांच्याहून चांगली वस्तू घराघरात धूळ खात पडली आहे. जुन्या सीडीचं कडक पारदर्शक कव्हर! ते किटच्याच प्लॅस्टिकचं, म्हणजे पॉलिस्टायरिनचं असतं. त्यावर आपल्या रंगाचा पट्टा मारा, वाळू द्या, मग अर्ध्या भागावर लेप द्या. त्यावर किटमधलं नको असलेलं डेकल लावा, डेकल मऊ करायचं द्रावण सोडा, तेलरंगाच्या थिनरचा बोळा फिरवा, चिकटपट्टी लावून ओढा. आणि रंग न दिलेल्या कोपऱ्यावरही थोडा लेप द्या, म्हणजे भेगा पडल्या तर आरपार दिसतील. हा तुकडा मग खिडकीच्या उन्हात टांगून ठेवावा. पिवळेपणा दोन दिवसांत कळत नाही, पण काही महिन्यांत कळतो. माझ्या खिडकीत असे तुकडे टांगलेले असतात. येणारे-जाणारे विचारतात, पक्ष्यांना हाकलायला का?

या चाचणीचं मोल मला गेल्या वर्षी नव्यानं कळलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ विमानांना हवाई दलानं निरोप दिला. त्यानंतर काही दिवसांनी आमच्या सोसायटीतले एक काका घरी आले. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं मिग बांधण्यात गेली. "मला त्यातलं एक करून देशील का? जुनं, बिनरंगाचं, पत्र्याचं," ते म्हणाले. सुरुवातीच्या काळातल्या मिगवर रंगीबेरंगी पट्टे नसत, चकचकीत धातूच दिसे. काकांनी ते पत्रे हातांनी बसवलेले. त्यांच्या डोळ्यांना नकली चमक चालणार नव्हती.

धातूच्या रंगाची गंमत अशी, की त्यात ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म पापड्या असतात. त्या पृष्ठभागाशी आडव्या पहुडल्या की चमक येते. वरून लेप दिला की ही चमक मरते, आणि द्रावण जहाल असेल तर पापड्या जागच्या हलतात. सीडीच्या कव्हरवर मी चार पट्टे केले. चित्रकाराच्या व्हार्निशखाली कल्हईसारखी चमक जाऊन जुन्या जर्मनच्या पातेल्याची कळा आली. गॅरेजच्या साध्या लॅकरखाली पट्ट्यावर ढग दिसू लागले. तामियाचा लेप त्यातल्या त्यात बरा, पण त्याच्या शेजारच्या लेप न दिलेल्या पट्ट्याशी ताडून पाहिलं तर तोही फिका. शिवाय मूळ धातुरंग हा स्वतःच गुळगुळीत असतो, तिथे दऱ्या बुजवण्याची गरज जवळजवळ नव्हतीच. मग ठरवलं, की सबंध विमानाला लेप द्यायचाच नाही. जिथे डेकल बसणार तेवढ्याच जागांवर तामियाचा पातळ हात द्यायचा, आणि त्याची कड एखाद्या पत्र्याच्या जोडावर संपवायची, म्हणजे फरक पत्र्यापत्र्यातला वाटेल.

काकांनी ते विमान खिडकीच्या उजेडात बराच वेळ फिरवून पाहिलं. "पत्रा वाटतोय," म्हणाले. मग चष्मा वर करून, "शेपटीकडे एवढा लख्ख नसायचा रे. इंजिनाच्या तोंडाशी तापून काळपट पडायचा." तेवढा भाग काळपट करून दिला. त्यावर लेप दिला नाही.

जाता जाता वाळवण्याविषयी. हाताला कोरडा लागलेला लेप आतून ओला असू शकतो, आणि त्यावर घाईनं डेकल लावलं की पुढे सुरकुत्या येतात. विमान धूळ बसू नये म्हणून खोक्याखाली झाकून दोन दिवस ठेवा. लॅकर असेल तर खोकं उचलल्या उचलल्या वास घ्या. थिनरचा वास आला, तर खोकं पुन्हा ठेवून द्या.